बिछायतवाल्या दादाजींची शिफारस

दादाजी कुनघाडकरांना लच्छू पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या डोक्यावर आभाळ होतं. तसं ते सगळ्यांच्याच डोक्यावर असतं, पण लच्छूनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं होतं.

चामोर्शीजवळच्या एका खेड्यात भर वैशाखातलं लग्न. मांडव अर्थातच दादाजींचा, कारण त्या तालुक्यात मांडव, गाद्या, खुर्च्या आणि स्वयंपाकाची भांडी भाड्यानं द्यावीत ती दादाजींच्याच बिछायत केंद्रानं, असा जणू शास्त्रार्थ होता. अक्षता पडणार इतक्यात वैनगंगेकडून वावटळ उठली. दादाजींच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर पहिल्या झोतात पत्रावळी गेल्या, दुसऱ्यात एक कोंबडी गेली आणि तिसऱ्यात नवरदेवाचा मामा गेला. हा मामा नदीपलीकडच्या धानाच्या बांधीत सापडला असं दादाजी पहिली काही वर्षं सांगत. पुढे पुढे तो सापडलाच नाही. भटजी पळाले, बँडवाले ढोल पोटाशी कवटाळून पळाले, नवरानवरी अंतरपाटासकट पळाली. ज्यांचा मांडव होता ते दादाजी बुंदीची कढई उपडी करून तिच्याखाली जाऊन बसले. कढईचा काठ उचलून त्यांनी पाहिलं, तर मधल्या खांबाला तुरीच्या काडीसारखा एक पोरगा चिकटलेला. कापड फुगून वर गेलं होतं, खांब वर गेला होता, खांबाबरोबर पोरगाही जमिनीवरून वीतभर उचलला गेला होता, तरी सोडत नव्हता.

"सोड गा, मरशीन," दादाजी कढईतून ओरडले.

"नाई सोडत जी. पंगत बसाची हाय अजून."

वावटळ गेली, मांडव राहिला, पंगत बसली. दादाजींनी त्या पोराला स्वतःच्या हातानं वाढलं आणि तो हात धूत असताना विचारलं, "कोनाकडचा गा तू?"

"नवरीकडचा."

"आतापासून माह्याकडचा."

असा लच्छू दादाजींकडचा झाला. त्याला नोकरी लागली हे त्याच्या घरी दोन दिवसांनी कळलं, कारण नवरीकडचे लोक मामाला शोधताना त्यालाही नदीकाठी शोधत होते.

दादाजींचा आकार त्यांच्याच गोदामातल्या भात शिजवायच्या गंजासारखा: खाली ऐसपैस, वर किंचित निमुळता, आणि कुठंही टेकला की आवाज करणारा. खांद्यावर पांढरा दुपट्टा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, तोंडात शिवी. ही शिवी कोणाला लागत नसे. उलट दादाजी ज्याच्याशी सभ्यपणे बोलत, तो माणूस घरी जाऊन आपलं काय चुकलं याचा विचार करी. आपल्या माणसाची आणि आपल्या वस्तूची तारीफ आपण करायची नाही, हा त्यांचा धर्म होता. केली की नजर लागते, आणि ऐकणाऱ्यालाही वाटतं, याच्यात काहीतरी खोट आहे म्हणूनच हा एवढा बोलतोय.

गिऱ्हाईक विचारी, "दादाजीभाऊ, गाद्या चांगल्या हायेत ना?"

"कायच्या चांगल्या? चिंध्या हायेत. ढेकनं बी झोपत नाई त्याईच्यावर."

गिऱ्हाईक समाधानानं इसार देऊन जाई. गाद्या अव्वल आहेत हे त्याला कळलेलं असे. दादाजींनी आयुष्यात एकदाच आपल्या वस्तूची तारीफ केली, ती एका जनरेटरची, नवा आणल्याच्या आनंदात. तो जनरेटर पुढे कोणीही भाड्यानं नेला नाही. अखेर इंदुताईंनी, म्हणजे दादाजींच्या पत्नीनं, त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवायला सुरुवात केली.

या धर्माची खरी परीक्षा लेकीच्या लग्नात असते, आणि दादाजींनी अशी शेकडो लग्नं मांडवाच्या कोपऱ्यात उभं राहून पाहिली होती. नवरी सासरच्या वाटे लागते, तिचा बाप दुपट्टा हातात धरून व्याह्यापुढे वाकतो आणि म्हणतो, पोरगी आमची अडाणी आहे, तिला काही येत नाही, सांभाळून घ्या. व्याही समजतो. सगळा मांडव समजतो. जितकी पोर गुणाची तितका बाप जास्त बोलतो. दादाजींची एकुलती एक मयुरी सासरी निघाली तेव्हा ते इतकं बोलले की व्याह्यानंच त्यांचं तोंड धरलं. "बस करा जी," तो रडत म्हणाला, "एवढी चांगली पोरगी आमाले कुठी भेटली असती." मयुरी सुखात आहे. ती सुखात आहे ती त्या बोलण्यामुळेच, याबद्दल दादाजींना तिळभर शंका नव्हती.

मयुरी गेल्यावर घरात दोन म्हातारी उरली आणि लच्छू. म्हणजे लच्छू राहायचा गोदामाशेजारच्या खोलीत, पण जेवायचा दादाजींच्या पंगतीला. "लच्छ्या, तुह्यापेक्षा माहा बैल बरा होता," असं म्हणत दादाजी स्वतःच्या ताटातला मासा त्याच्या ताटात टाकत. गोदामाची किल्ली लच्छूकडे. कुठल्या गावाला किती परातींची गरज पडेल, कोणत्या घरच्या लग्नात चमचे नेमके नाहीसे होतात, कोणाच्या तेरवीला भांडी मागायच्या आधीच नेऊन द्यावीत, हे लच्छूनं बघायचं आणि दादाजींनी त्याला शिव्या द्यायच्या, असं केंद्राचं कामकाज सुरळीत चाललं होतं.

लच्छूचं लग्न दादाजींनीच लावलं. मुलगी निशा, चामोर्शीचीच, नर्सिंग शिकलेली. पुढं ती भद्रावतीच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली आणि मुलीला, दिव्यानीला, घेऊन तिकडं खोली करून राहिली. लच्छू चामोर्शीला. ज्या दिवशी जिल्ह्यात कोणाचं लग्न नसेल त्या दिवशी लच्छूला स्वतःच्या बायकोकडे जाता येई. आषाढीला देव झोपले, मुहूर्त थांबले, की त्याचा संसार जागा होई. पण देव झोपले तरी मधे गणपती येतात, दुर्गा येते, आणि माणसं काही मुहूर्त बघून मरत नाहीत. तेरवीलाही गंज-पराती लागतातच. मग लच्छू मूलमार्गे चंद्रपूर करत एसटीनं अर्ध्या रस्त्यात पोचलेला असे आणि दादाजींचा फोन येई, "कुठी हायेस गा? ये वापस. पाटलाचा बुढा गेला." लच्छू चंद्रपूरच्या स्टँडवर एका गाडीतून उतरे आणि दुसऱ्या गाडीत बसे.

त्या सुमारास दादाजींच्या लक्षात आलं की लच्छू भांडी आपटतो आहे. ज्या माणसानं वावटळीत खांब सोडला नव्हता त्याच्या हातून पराती सुटत होत्या.

"लच्छ्या, काऊन आपटून राह्यला? सासुरवाडीचे भांडे हायेत का?"

"नाई जी भाऊ."

"मंग?"

"काई नाई."

दारात इंदुताई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. "सांगून टाक ना बा एकदाचं," त्या म्हणाल्या. "तू नाई सांगशीन तं मले सांगा लागन."

लच्छूनं हातातली परात खाली ठेवली, ती पुन्हा उचलली, पुसली आणि परातीलाच सांगितलं. भद्रावतीजवळ एका खाजगी कंपनीत सामानाच्या कोठारावर माणूस हवा आहे. निशानं अर्ज भरायला लावला. साहेबानं बोलावलं, विचारलं, पसंत केलं.

दादाजींनी खर्रा गालात सरकवला. थुंकायची वेळ झाली होती, पण ते विसरले.

"इथी काय कमी पडलं तुले?"

"कमी नाई जी. पोरगी..." लच्छू अडखळला. "पोरगी शेजारनीले सांगते, हे माहे चामोर्शीचे बाबा. जसे का दुसऱ्या गावाले आनखी बाबा हायेत तिचे."

दादाजी खो खो हसले. गोदामातल्या पत्र्यांवरून ते हसू घुमून परत आलं, आणि ते ऐकून दादाजी मधेच थांबले.

"जाय मंग," ते म्हणाले. "तुले कोनं खुंट्याले बांधून ठेवलं? तुह्यावाचून माहे मांडव पडून राह्यले का?"

"तुमाले फोन येईन जी साहेबाचा. जिथी काम करते तिथल्या मालकाले इचारल्याबिगर घेत नाई ते. मानूस कसा हाय म्हनून इचारतीन."

"इचारू दे. असा बोलतो का पाहात राहाशीन. मयुरीच्या वेळेले बी तसा बोललो नसन."

लच्छूला तेव्हाच शंका आली असेल तर त्यानं ती दाबली. दादाजींनी कसं बोलावं हे त्यांना लच्छूनं शिकवायचं? नवरी कधी बापाला सांगते का, व्याह्यापुढं असं असं बोला म्हणून?

दादाजी गाद्यांच्या थप्प्यांमागे गेले. बऱ्याच वेळानं इंदुताई पाहायला गेल्या, तर ते एका गादीत तोंड खुपसून उभे.

"काय करून राह्यले जी?"

"धूळ झाडून राह्यलो," गादीतून उत्तर आलं.

फोन यायच्या दिवशी दादाजींनी सकाळीच अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले आणि नवरानवरीसाठी ठेवलेल्या दोन लाल मखमली खुर्च्यांपैकी नवऱ्याच्या खुर्चीवर बसले. नवरीच्या खुर्चीवर फोन ठेवला. लच्छूला त्यांनी मुद्दाम दुसऱ्या गावी गाद्या आणायला पाठवलं. अशा वेळी पोर समोर नसलेली बरी. इंदुताई पदर डोक्यावर घेऊन बाजूला उभ्या राहिल्या.

पलीकडे प्रणित नावाचा तरुण अधिकारी होता. कॉलनीत वाढलेला, पुण्यात शिकलेला, स्वभावानं अगदी सरळ. लग्नं त्यानं हॉलमधली पाहिली होती, तीही जेवायच्या वेळेला पोचून.

"नमस्कार काका. लक्ष्मणबद्दल थोडं विचारायचं होतं. कामाला कसा आहे?"

दादाजींनी दुपट्टा दोन्ही हातांत धरला. ते फोनपुढे किंचित वाकले.

"कायचा कसा जी साहेब. अडाणी हाय. काई येत नाई त्याले."

"बरं," प्रणित म्हणाला. "इतकी वर्षं तुमच्याकडे आहे ना?"

"हाय जी. आमच्याच्यानं काई शिकवनं झालं नाई. तुमी शिकवा."

"वेळेवर येतो? जबाबदारी टाकता येते?"

"त्याच्या भरोशावर नोका राहू. तुमालेच लक्ष ठेवा लागन. चुकीन, माकीन, संभाळून घ्या."

इंदुताईंनी डोळ्यांना पदर लावला. किती छान बोलत होते. मयुरीच्या वेळी एवढं सुचलं नव्हतं.

"शेवटचा प्रश्न काका," प्रणित म्हणाला. "समजा पुढे तो परत आला, तर तुम्ही त्याला पुन्हा कामावर घ्याल?"

हा प्रश्न ऐकून दादाजींना त्या कंपनीबद्दल आदर वाटला. चांगल्या घराण्यातली माणसं असावीत; नेमकं विचारत होती. त्यांनी डोळे मिटले आणि बाप जे सर्वांत शेवटी, सर्वांत मोठ्या मनानं बोलतो ते बोलले.

"नाई जी. एकदा दिलं का दिलं. आता आमच्या घरचं दार त्याले बंद. वापस आला तं उभा नाई करनार मी. जगला तुमच्या घरी, मेला तं तुमच्याच घरी."

"ठीक आहे काका," प्रणित हळूच म्हणाला. "इतकं स्पष्ट कोणी बोलत नाही. आभारी आहे."

फोन ठेवून दादाजी नवऱ्याच्या खुर्चीवर हमसून हमसून रडले. इंदुताईंनी पाणी दिलं. "वाटे लागला वं आपला लच्छ्या," ते म्हणाले.

कंपनीकडून निरोप यायच्या आधीच दादाजींनी पाठवणी उरकून टाकली. निशाला लुगडं, दिव्यानीला फ्रॉक, चिनोर तांदळाचं पोतं. केंद्रातल्या सगळ्या गड्यांना जेवण. मयुरीनं फोनवरून लच्छूभाऊला आशीर्वाद दिला आणि स्वतःच रडली. दादाजींनी जेवताना लच्छूला एकही शिवी दिली नाही, त्यामुळे त्याला घास उतरेना.

निरोप तिसऱ्या दिवशी मोबाइलवर आला. लच्छू तो वाचून गोदामाच्या मागं गेला, कोणाला तरी फोन लावला, थोडंसंच बोलला आणि परत आला.

"जागा भरली म्हनते जी पहिलेच," तो म्हणाला, आणि तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन इंदुताईंच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

दादाजी पेटले. "आमी मानूस वाटे लावला अन् हे म्हनतेत जागा भरली? दारात आलेली वरात वापस लावतेत का कोनी?" लच्छूनं दोनदा अडवलं. "जाऊ द्या जी भाऊ, नोका जाऊ," म्हणत तो स्टँडपर्यंत मागं आला. दादाजी त्याला बैलापासून गाढवापर्यंत सगळं म्हणून भद्रावतीला जायला गाडीत बसले. खिडकीतून त्यांना लच्छूचा चेहरा दिसला. या पोराला माझ्या तोंडून साहेबाला शिव्या बसतील याची भीती वाटते, असं त्यांना वाटलं.

प्रणितनं त्यांना आदरानं बसवलं, पाणी मागवलं, आणि सगळी तक्रार ऐकून घेतल्यावर गोंधळून म्हणाला, "पण काका, नको तर तुम्हीच म्हणालात."

"मी? मी कवा म्हनलो?"

"काही येत नाही म्हणालात. भरवशावर राहू नका म्हणालात. परत घ्याल का विचारलं, तर दार बंद म्हणालात. मालकच असं म्हणतो तर मी कोणाच्या जोरावर घेऊ?"

"मंग तसंच बोलतेत ना," दादाजी म्हणाले.

"कोण?"

"पोरीचा बाप."

प्रणितनं मनापासून समजायचा प्रयत्न केला, पण जे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं ते त्याला कुठून दिसणार? दादाजींना मात्र आपण काय करून बसलो ते दिसलं. दुपट्ट्यानं मान पुसत ते उभे राहिले.

"चांगला हाय जी तो," ते म्हणाले.

"म्हणजे कसा?"

दादाजींनी तोंड उघडलं. शिव्यांचं म्हणाल तर त्यांच्याकडे गोदाम भरलेलं होतं, गावोगावी भाड्यानं देऊन उरल्या असत्या इतक्या. पण या बाजूचा माल त्यांनी कधी आणलाच नव्हता.

"लय चांगला हाय," ते म्हणाले. आणि खूप शोधून, "भल्ला चांगला हाय."

"काका," प्रणित समजुतीनं म्हणाला, "त्यानं पाठवलं का तुम्हाला?"

"नाई जी. तो तं येऊ नोका म्हने."

"त्याला मी फोनवर खरं कारण सांगितलं होतं. मलाच वाईट वाटलं. म्हटलं, तुझं काही म्हणणं असेल तर सांग. तो म्हणाला, भाऊ बोलले असतील तर बरोबरच बोलले असतील." प्रणितनं हात जोडले. "आता दुसरा माणूस रुजू झालाय, काका. माझ्या हातात काही नाही."

दादाजी बाहेर आले. चंद्रपूरची गाडी समोरून गेली, ते चढले नाहीत. विचारत विचारत निशाच्या खोलीवर पोचले. निशा ड्यूटीवरून नुकतीच आलेली. तिनं चहा ठेवला. एकाच खोलीत पलंग, गॅसची शेगडी, दिव्यानीचं दप्तर. दाराजवळ चपलांसाठी फळी, आणि तिच्यावर पुरुषाच्या चपलेपुरती जागा मोकळी.

"जागा पहिलेच भरली म्हने जी," निशा म्हणाली. "नशीब नाई आमचं."

दादाजींना गप्प बसता आलं असतं. लच्छूनं त्यांच्यासाठी तशी सोय करूनच ठेवली होती. पण त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं, शब्द न् शब्द, दार बंद म्हटलं तेसुद्धा.

निशा शेगडीकडे तोंड करून उभी होती.

"मले वाटे लावताना माह्या बाबानं हेच म्हनलं होतं," ती न वळताच म्हणाली. "तुमीच तं उभे होते तिथी मांडवात. काई येत नाई पोरीले, म्हनलं. माही सासू रडली होती ऐकून." तिनं भाताखालचा गॅस बंद केला. "पन तिथी ऐकनाऱ्याले मालूम होतं जी."

रागाचा एक शब्द ती बोलली नाही. दादाजींना तो हवा होता.

चामोर्शीला परतल्यावर त्यांनी लच्छूला काही विचारलं नाही, लच्छूनंही सांगितलं नाही. दोघंही नेहमीसारखे एका पंगतीला जेवू लागले. फक्त दुपारी गोदाम रिकामं असलं की दादाजी नवऱ्याच्या खुर्चीवर बसत आणि इंदुताईंना समोरच्या खुर्चीवर बसवत.

"इचार," ते म्हणत.

"मानूस कसा हाय जी?" इंदुताई साहेबाच्या आवाजात विचारत.

"हुशार हाय." दादाजींच्या कपाळावर शिरा उभ्या राहत. "इमानदार हाय. त्याच्या भरोशावर..."

"हं, बोला."

"त्याच्या भरोशावर मी झोपतो."

"वापस आला तं घेसान का?"

इथं दर वेळी दादाजी अडत. घेईन म्हणायचं, एवढंच होतं. पण ते म्हणताना आपण पोराला परत बोलावतो आहोत असं त्यांना वाटे, आणि बोलावायचं नाही असंही वाटे, आणि बोलवावं असंही. मग ते दुपट्टा तोंडावर ओढून घेत, आणि इंदुताई उठून पराती मोजायला जात.

प्रणितला ते अधूनमधून फोन करत. तो भला होता; दुसरी जागा निघाली की नक्की कळवतो, म्हणाला.

दुसरी जागा निघाली नाही. मे महिन्यात निशाची बदली सिरोंच्याला झाली. चामोर्शीहून सिरोंचा भद्रावतीपेक्षा लांब पडतं.